तरुण मंडळाचा ज्येष्ठ आवाज

२ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये प्रवचन संपल्यावर पाद्रीबाबांनी जाहीर केलं. येत्या पंचवीस तारखेला राजधानीहून, आपियाहून, पर्यावरण खात्याची माणसं जिल्ह्याच्या सभेला येणार आहेत. पॉलिसी ठरवताना तरुणांचा आवाज ऐकायचा, असं वर कुठेतरी ठरलंय. प्रत्येक गावाने एक तरुण द्यायचा. तो किनाऱ्याच्या कमिटीवर बसणार. वाळू उपसू द्यायची की नाही, भिंत कुठून घालायची, सगळं ती कमिटी ठरवणार. शिवाय जो उत्तम बोलेल त्याला मोठ्या परिषदेसाठी फिजीला, सुवाला पाठवणार. विमानाने.

नाव गावच्या तरुण मंडळाने द्यायचं आहे.

मी तरुण मंडळात आहे.

माझं वय सदुसष्ट, पण त्याचा इथे संबंध येत नाही. ज्याला घराण्याचं पद मिळालं तो मताई, तो बैठकीत बसतो आणि बोलतो. ज्याला मिळालं नाही तो मंडळात. तो चूल पेटवतो, ताटं वाहतो, बैठकीत आवाचं मानाचं पेय वाटतो आणि तोंड बंद ठेवतो. हे वाडवडिलांपासून असंच आहे. मी मिसरूड फुटल्यापासून ताटं वाहतोय. आमच्या घराण्यातही पदं आहेत, नाहीत असं नाही. पण ती ऑकलंडला राहतात. तिकडच्या पुतण्यांना दिली, कारण ते पैसे पाठवतात. मी नुसता इथे असतो.

देव उशिरा का होईना, बघतो.

३ मार्च, सोमवार

निश्चय :
रोज पहाटे उठून किनाऱ्यावर चालणे.
कोको साखरेशिवाय पिणे.
विमानाची भीती घालवणे.
पर्यावरण म्हणजे नेमकं काय काय त्यात येतं, ते कुणाला तरी विचारणे. पण असं, की मला माहीत नाही हे कळू नये.

संध्याकाळ. चालायला गेलो नाही, दव होतं. दमट हवेत छाती भरते. छाती भरली तर आवाज बसणार, आणि सध्या माझा आवाज माझा एकट्याचा राहिलेला नाही.

५ मार्च, बुधवार

मंडळाची सभा झाली. म्हणजे उमूचे, आमच्या दगडी भट्टीचे, दगड तापत होते तेवढ्या वेळात सगळे भोवती बसलो. म्होरक्या लोतोमाऊ. चोवीस वर्षांचा, दंड नारळाच्या बुंध्यासारखे, डोकं बरं. तो म्हणाला, नावाचं ठरवू या. मी लगेच म्हणालो, ठरवायचं काय त्यात, मी जातो.

मग मागून एक जण म्हणाला, पेनीकाका, त्यांना तरुण हवाय हो. मी म्हणालो, मी या मंडळात आहे की नाही? आहे. मंडळात वडीलधाऱ्याचा शब्द मोडायचा असतो का? नसतो. मग झालं तर. लोतोमाऊने बराच वेळ काटकीने विस्तव कोरला आणि म्हणाला, काका बोलले म्हणजे आता आमच्याकडून काही बोलता यायचं नाही.

एकमताने निवड. विरोधी मत शून्य.

पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. आनंद लपत नाही या वयात.

८ मार्च, शनिवार

मोएलागी आली. ही माझ्या बहिणीची, फुआतिनोताईची नात. आपियाला कॉलेजात शिकते, समुद्राचंच काहीतरी शिकते. येते तेव्हा किनाऱ्यावर काठ्या ठोकत हिंडते आणि काठीपासून पाण्यापर्यंत मोजते. मागच्या खेपेच्या काठ्या सापडल्या नाहीत म्हणाली. मी म्हणालो, पोरांनी जाळल्या असतील. ती म्हणाली, नाही आजोबा, त्या आता पाण्यात आहेत.

तिने ऐकलं होतं. म्हणाली, आजोबा, तुम्ही जाणार ते जा, पण एक वाक्य तेवढं बोला. वाळूचे ट्रक थांबवा. ठेकेदार आपल्या पुळणीवरून वाळू नेतो, त्या जागी समुद्र आत येतो. फणसाची ओळ गेली. आता पहिली थडगी आपलीच आहेत.

मी तिला समजावलं. ठेकेदार चर्चच्या नव्या हॉलला वाळू फुकट देतोय. आणि वाळू समुद्राचीच, समुद्रात वाळू कमी आहे का? ती म्हणाली, मग सभेत काय बोलणार आहात? मी म्हणालो, पॉलिसी बोलणार. ती म्हणाली, कुठली? मी म्हणालो, पॉलिसी अशी दारात उभ्याने सांगायची नसते.

गेली पाय आपटत. शिकलेल्या मुलींना धीर नसतो. तिला बोलायला मिळालं असतं तर बरं झालं असतं असं ताईचं मत. मी ताईपुढे मान खाली घालतो, बहिणीपुढे घालायचीच असते, पण मत माझं मला आहे.

९ मार्च, रविवार

पहाटे उमूला जुंपलो. धुराने डोळे गेले. टारोचे कंद सोलताना बोट कापलं. तरुण मंडळात राहायचं तर हे आलंच, पण प्रतिनिधीला थोडी सूट असावी असं मी सुचवलं. लोतोमाऊ म्हणाला, काका, तुम्ही आमच्याबरोबर धूर खाल्ला नाहीत तर आमचा आवाज कसे होणार?

बरोबर बोलला. वाईट वाटतं, की तो माझ्याशी सहमत असतो तेव्हाच काम वाढतं.

नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, म्हणजे पालुसामी, खारट झाली होती. दोनदा घेतली.

१२ मार्च, बुधवार

भाषण लिहायला बसलो. मुद्दे :
तरुणांनी लवकर उठावे.
केस कापावेत.
फोन रात्री घराबाहेर ठेवावेत.
टिकाऊ विकास. हा शब्द पाद्रीबाबांनी वापरला होता. यावर मी सर्वांत जास्त बोलू शकतो. या गावात माझ्या पिढीतलं माझ्याइतकं टिकलंय कोण?

वाळूबद्दल मुद्दा घालावा की नाही ठरत नाही. घातला तर पाद्रीबाबांना वाईट वाटेल. नाही घातला तर मोएलागीला. दोघांनाही वाईट वाटू नये म्हणून त्या जागी प्रार्थना घालतो.

भाषण मोठ्याने म्हणून पाहिलं. कोंबड्या शांत बसून राहिल्या.

१५ मार्च, शनिवार

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख फुंकायची आज माझी पाळी. प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर कुणी फिरायचं नाही, मंडळाने रस्त्याकडेला उभं राहून बघायचं. मी फुंकला. आवाज आला नाही. परत फुंकला, थोडी थुंकी आली. लोतोमाऊने हातातून घेतला आणि एका दमात पलीकडच्या गावापर्यंत ऐकू जाईल असा वाजवला. शेजारची म्हातारी ओरडली, पेनी, तू फुंकतोयस की शिंकतोयस?

शंखात चीर असणार. उद्या बघतो.

पंचवीस तारखेची काळजी वाटते. माईक असेल का? खुर्ची असेल का? विमानात खिडकीशी बसवतील तर मी डोळे मिटून घेईन, ते ठरलंय. पण उतरताना काय करतात?

१७ मार्च, सोमवार

अक्षर वाईट येतंय.

दुपारी ताईने बोलावलं. चटईवर बसवलं, स्वतः कोको दिला. साखर घालून. मी म्हणालो, काय झालं, कोण गेलं? ती म्हणाली, कोणी गेलं नाही, पेनी. घराण्याने ठरवलंय, ताऊलेमोआचं पद तुला द्यायचं.

ताऊलेमोआ. वक्त्याचं पद. आमच्या आजोबांचं.

मी म्हणालो, ते ऑकलंडच्या पुतण्याकडे आहे ना? ताई म्हणाली, त्याच्याकडेही राहील, पद दोघांत वाटता येतं. सगळी सकाळ फोनवर होते मी, सगळ्यांचा होकार आहे. मी विचारलं, आत्ताच कसं सुचलं सगळ्यांना? ताई म्हणाली, तुझी योग्यता एकदम लक्षात आली.

मला वाटतंच होतं, एक दिवस एकदम लक्षात येईल.

घरी येताना रस्ता चुकलो. एकच रस्ता आहे.

१८ मार्च, मंगळवार

समारंभ शनिवारी, बावीसला. मी म्हणालो, इतकी घाई कशाला, ईस्टरनंतर निवांत करू. मोएलागी पटकन म्हणाली, नाही नाही, पंचवीसच्या आत व्हायलाच हवा. माझ्या पदाची माझ्यापेक्षा तिलाच घाई. रागावलेली दिसत होती परवापर्यंत, पण रक्ताची ओढ असतेच.

मंडळ डुकरं देणार आहे. स्वतःहून. लोतोमाऊने आपलं सर्वांत मोठं डुक्कर काढलं, जे तो लग्नासाठी राखून होता. मी म्हणालो, अरे, एवढं कशाला? तो म्हणाला, काका, तुमच्यासाठी काहीही. डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

नवा निश्चय : यापुढे तरुण पिढीबद्दल वाईट बोलणार नाही. भाषणातला केसांचा मुद्दा काढून टाकला.

२२ मार्च, शनिवार

आज मी ताऊलेमोआ झालो.

उघड्या अंगाला तेल, गळ्यात लाल केवड्याच्या बियांची माळ, हातात काठी, खांद्यावर काथ्याची चवरी. बैठकीच्या घरात खांबाला पाठ टेकून बसलो. आजवर त्या खांबांना बाहेरूनच पाहिलं होतं, ताट घेऊन वाकलेला असताना. आवा वाटणाऱ्याने माझं नवं नाव पुकारलं. पेला घेऊन लोतोमाऊ आला. या घरात किती जणांच्या पुढे मी तो पेला धरला असेल. आज कुणीतरी माझ्यापुढे धरला. पेला पिण्याआधी जमिनीवर थेंब टाकायचे असतात. अर्धा पेला सांडला. लोक म्हणाले, उदार आहे.

सर्वांत मोठ्याने आरोळ्या तरुण मंडळाने दिल्या. एक पोरगा तर झाडावर चढून नाचला.

ताईने मानाच्या तलम चटया वाटल्या. डुकरं पुरली. पाऊस नाही. आई असायला हवी होती.

२३ मार्च, रविवार

आज उमूला गेलो नाही. पदवाल्याने जायचं नसतं. अंथरुणात पडून धुराचा वास घेतला. ताट माझ्याकडे चालत आलं. पालुसामी अळणी होती, पण बोललो नाही. मोठेपणा अंगात मुरायला वेळ लागत नाही असं दिसतं.

भाषणाची उजळणी. आता ते वक्त्याच्या पद्धतीने करायला हवं. आधी प्रमुखांना वंदन, मग सभेतल्या प्रत्येक गावाच्या पदांची नावं, मग आमच्या घराण्याची उत्पत्ती, मग तरुणांचा आवाज.

२५ मार्च, मंगळवार

आधी घडलं ते लिहितो. मग त्याचा अर्थ.

सभा शाळेच्या हॉलमध्ये. खात्याच्या बाईंनी गावागावाचं नाव घेतलं, तरुण उठून पुढे येऊ लागले. आमच्या गावाचं नाव आलं. मी उठलो, काठी टेकली, घसा साफ केला.

आमचे प्रमुख आसोवेलू मागे वळून हळूच म्हणाले, ताऊलेमोआ, आपण बसावं.

मी म्हणालो, पण मी तरुण मंडळाचा निवडलेला. ते म्हणाले, आपण आता मंडळात नाही. शनिवारपासून.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. लोतोमाऊ चपलांकडे बघत होता. तेवढ्यात मोएलागी पुढे गेली. मुलींच्या आणि मुलांच्या, दोन्ही मंडळांनी मिळून तिचं नाव दिलंय म्हणे. कधी दिलं? रविवारी. मी अंथरुणात पडून धुराचा वास घेत होतो तेव्हा.

मी पद धरून तरी बोलावं म्हणून परत उठलो. तर शेजारच्या वक्त्याने लवंगी मिरची चावल्यासारखं बघितलं. नवीन वक्त्याने जुन्यांच्या आधी बोलायचं नसतं. जुने सगळे जिवंत आहेत.

म्हणजे परवापर्यंत मी तरुण होतो म्हणून बैठकीत बोलता येत नव्हतं, आणि आज पदवाला झालो म्हणून तरुणांच्या सभेत.

मोएलागी बरी बोलली. काठ्यांचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं. मग म्हणाली, माझ्या आजोबांनी स्वयंपाकाची झोपडी तीन वेळा मागे हलवली. विचारलं की म्हणतात, वाऱ्यासाठी हलवली. वारा तर समुद्राकडूनच येतो. मग त्यांनी झोपडी वाऱ्यापासून लांब का नेली? ते समुद्राला भितात, आणि आम्हाला काळजी वाटू नये म्हणून सांगत नाहीत.

खात्याच्या बाईंनी लिहून घेतलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

मी वाऱ्यासाठीच हलवली होती. निदान विचारायचं तरी.

ठराव झाला : आमच्या पुळणीवरची वाळू पुढच्या पाहणीपर्यंत बंद. कमिटीवर मोएलागी. सुवालाही मोएलागी.

अर्थ उद्या लिहितो.

२६ मार्च, बुधवार

अर्थ : माझ्यावर मोठी जबाबदारी येणार होती म्हणून मला आधी पद दिलं, आणि पद दिल्यामुळे ती जबाबदारी लहान मुलीवर सोपवता आली. म्हणजे सगळं माझ्यामुळेच घडलं. माझा विमानाचा त्रासही वाचला.

ताईकडे गेलो आणि विचारलं, ताई, खरं सांग, मला मंडळातून काढायला पद दिलं का? ताई चटई विणत होती. म्हणाली, पेनी, तुला पद हवं होतं की नव्हतं? मी म्हणालो, हवं होतं. ती म्हणाली, मग मिळालं ना? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, मग जाताना तेवढी केळ्याची सालं बाहेर टाक.

टाकली. पदवाल्याने टाकायची नसतात, पण बहिणीने सांगितलं होतं.

येताना सहज आईच्या थडग्याशी थांबलो. समुद्राच्या बाजूने वाकून बघितलं. एरवी त्या बाजूने बघायचं कारण नसतं. चौथऱ्याचा कोपरा खालून मोकळा आहे. हात आत जातो, कोपरापर्यंत.

दुपारभर दगड भरले. कुणी पाहिलं नाही. कंबर गेली.

३१ मार्च, सोमवार

पहिली बैठक. नवीन म्हणून दाराजवळचा खांब मिळाला, जिथे वारा आणि कोंबड्या दोन्ही येतात.

मी एक प्रस्ताव तयार करून नेला होता. तरुणांना पॉलिसीत आवाज दिला, उत्तम. पण कमिटीवर वयस्करांचाही एक आवाज असावा, आणि तो अनुभवी असावा. बोलायची संधी जेवणापर्यंत आली नाही. जेवणानंतर मोठे वक्ते झोपले. मी संधी साधून सुरुवात केली. आसोवेलू डोळे न उघडता म्हणाले, ताऊलेमोआ, आपल्या मनातली कळकळ आम्हाला कळली. वाळूबंदीवर लक्ष ठेवायला पुळणीवर एक पदवाला माणूस हवाच होता. ट्रक आला तर पोरांच्या शब्दाला ड्रायव्हर जुमानत नाही. पद असलेल्या माणसाने थांबवलं तर थांबेल.

सगळे म्हणाले, हो हो.

निवड एकमताने. ही माझी महिन्यातली दुसरी.

वाळूबंदी ही तशी माझीच कल्पना होती. मी ती प्रार्थनेच्या स्वरूपात मांडणार होतो.

४ एप्रिल, शुक्रवार

मोएलागी आज सुवाला गेली. निघताना माझ्यापुढे बसली, म्हणाली, आजोबा, मी तिकडे सांगणार आहे की आमच्या गावात बंदी पाळली जाते. आमचे वडीलधारे स्वतः पहारा देतात. तुमच्यावर आहे सगळं. तुम्ही फक्त नाही म्हणायचं. एवढंच.

मी म्हणालो, अगं, मी वक्ता आहे.

ती म्हणाली, म्हणूनच काळजी वाटते.

माझ्या प्रकृतीची काळजी करते बिचारी.

८ एप्रिल, मंगळवार

पुळणीवर माडाखाली बसलो होतो. पहारा चोख. थोडा डोळा लागला होता एवढंच. इंजिनच्या आवाजाने उठलो. ठेकेदाराचा ट्रक. वर फावडी घेतलेली दोन माणसं.

मी उभा राहिलो, काठी वाळूत रोवली आणि चवरी खांद्यावर टाकली. हात वर केला. ड्रायव्हरने ट्रक थांबवला, खाली उतरला, काठी बघितली आणि टोपी काढली. लोतोमाऊसमोर त्याने काच सुद्धा खाली केली नसती. म्हणाला, बोला, साहेब.

बोला, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

वक्त्याने एकदम नाही म्हणायचं नसतं, ते अडाणीपणाचं होतं. आधी पाहुण्याचा मान. मी त्याला त्याचं गाव विचारलं, मग त्या गावाच्या सगळ्या पदांना वंदन केलं. मग आमच्या गावाच्या पदांना. मग ताऊलेमोआ घराणं पहिल्यांदा कुठल्या होडीतून उतरलं, ते. ड्रायव्हर हात जोडून, मान खाली घालून ऐकत होता. माझा आवाज शंखासारखा लागला होता. मागे फावड्यांची खरखर ऐकू येत होती, नाही असं नाही. पण चालू भाषण मध्ये तोडायचं नसतं, बोलणाऱ्यानेसुद्धा. मी आजोबांपर्यंत आलो, आजोबांवरून आईवर आलो, आईच्या थडग्यावरून समुद्रावर आलो, आणि समुद्रावरून वाळूवर येऊन शेवटी म्हणालो, म्हणून, बाबा रे, इथली वाळू न्यायची नाही.

ट्रक भरला होता.

ड्रायव्हरने डोळे पुसले. म्हणाला, साहेब, असं बोलणं माझ्या वडिलांनंतर आज ऐकलं. मग टोपी घातली आणि ट्रक सावकाश नेला, माझ्या अंगावर धूळ उडू नये म्हणून.

एक शब्द मध्ये बोलला नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

सुवाहून मोएलागीचा फोन दोनदा येऊन गेला. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

उद्याही ऐकायला येतो म्हणाला.